मागच्याची नजर वाऱ्यावर

१

उघड्यावर उभं राहून तैलचित्र काढायचं म्हणजे डोक्यावर टोपी, तोंडात शीळ आणि हातात नाजूक कुंचला, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे ती हमाली असते. सहा फूट लांब, चार फूट उंच कॅनव्हास, तो टेकवायला लाकडी ईझल, ते वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याला बांधायचे दोन दगड, रंगाची पेटी, तेलाची बाटली, चिंध्यांचं गाठोडं. हे सगळं टेकडीवर चढवायचं आणि दिवस बुडायच्या आत पुन्हा खाली आणायचं. मधल्या वेळात सुरीनं रंग मळायचा आणि गवंडी भिंतीला गिलावा मारतो तसा कॅनव्हासवर मारायचा. संध्याकाळी पाण्याचा तांब्या उचलताना मनगट रडतं. दादा हे चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. त्यातली पहिली वीस वर्षं ती हमाली त्यांच्या धाकट्या भावानं केली, एवढं मात्र ते सांगत नसत.

भाऊ डावखुरा होता, म्हणून सगळे त्याला डावराच म्हणत. वीस वर्षांपूर्वी तो खाणीत पडून गेला. आता ओझं उचलायला पैलवान येत असे. पैलवान हा नावाचाच. फुंकर मारली तर उडेल असा काटकुळा माणूस, पण ओझ्याला वाघ. रोज दुपारी तीनला तो दारात उभा राही आणि दोघं बंद पडलेल्या दगडखाणीच्या वरच्या माथ्यावर जात.

पहिल्याच दिवशी दादांनी त्याला नियम सांगितला होता.

"येताना कॅनव्हास ओला असतो. दोघांनी दोन कडा धरायच्या, रंगाची बाजू खाणीकडे. पुढच्याची नजर पायाखाली, मागच्याची वाऱ्यावर. वरच्या उतारावरचं गवत वाकलेलं दिसलं की मागच्यानं 'सोड' म्हणून ओरडायचं आणि दोघांनी एकदम हात सोडायचे. चित्र गेलं तर गेलं."

"आणि एकानंच सोडलं तर?"

"तर दुसऱ्याचं शीड होतं," दादा म्हणाले. "चल, उचल. मी पुढे होतो."

दादा नेहमी पुढेच राहत. साठी उलटलेल्या माणसानं उतारावर पुढचा भार का घ्यावा, असं पैलवानाला वाटे. पण मोठ्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार?

२

नगरभवनाच्या मोठ्या दालनात वीस वर्षं एकच चित्र टांगलेलं होतं. 'खाणीवरची सकाळ', खाली दादांची सही. समोरची भिंत रिकामी होती. आता तिथे जोडीचं चित्र हवं होतं, 'खाणीवरची संध्याकाळ', त्याच मापाचं. दादांना या कामाची हाव सुटली होती. त्या एका चित्रानंतर दादांच्या हातून तसं दुसरं उतरलं नाही, हे लोक आता तोंडावर बोलू लागले होते. एकानं तर भर समारंभात विचारलं होतं, "काय दादा, लॉटरी एकदाच लागते ना?" सगळे हसले. दादाही हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत.

कामाचा चौथा दिवस. चित्र घरी आणून मागच्या खोलीत भिंतीला टेकवलं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून शेवटचं ऊन आडवं येत होतं. जाड रंगाला असं आडवं ऊन लागलं की प्रत्येक फटकारा नांगरटीसारखा वर दिसतो. त्या वेळी चित्र बघायचं नसतं, फक्त हात बघायचा असतो. दादा हात बघत होते. खाली उजव्या कोपऱ्यातल्या गवतापाशी त्यांची नजर अडली.

उजव्या हाताचा फटकारा वर उजवीकडे सुरू होतो आणि खाली डावीकडे उतरतो. दादांचं सगळं चित्र तसंच तिरपं होतं. तो वीतभर कोपरा तेवढा उलटा तिरपा होता.

दादांनी बोट फिरवलं. उंचवटे डावीकडून उजवीकडे उतरत होते. कॅनव्हास उलटा धरून रंगवला असेल, असं त्यांच्या मनात आलं. पण कॅनव्हास खालचा वर केला तरी फटकाऱ्याचा तिरपेपणा तोच राहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मग खांदा दुखत होता म्हणून मनगट उलटं फिरलं असेल. हे त्यांना पटलं, म्हणजे पटवून घ्यावं लागलं. त्यांनी सुरी घेतली आणि तेवढा कोपरा साफ खरवडून काढला. खरवडलेला रंग कागदात गुंडाळून फेकून दिला आणि हात दोनदा धुतले.

३

दुसऱ्या दिवशी तो कोपरा त्यांनी पुन्हा रंगवला, मुद्दाम, एकेक फटकारा मोजूनमापून. संध्याकाळी खोलीत आडव्या उन्हात पाहिलं. कोपरा उलटाच होता आणि आता हातभर झाला होता.

पैलवानावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. त्याला कुंचल्याची कोणती बाजू रंगात बुडवतात, हेही माहीत नव्हतं. दादांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी उठल्यावर आधी स्वतःचे दोन्ही तळहात नीट तपासले. झोपेत माणसं चालतात, रंगवतही असतील. हात स्वच्छ होते.

ते पुन्हा खरवडणार, तेवढ्यात नगरभवनाचा कारभारी चित्र बघायला आला. गोल अंगाचा, मोठ्यानं बोलणारा, मनानं सरळ माणूस. तो चित्रासमोर हात मागे बांधून उभा राहिला. आकाश बघितलं, कातळ बघितला, मान हलवली. मग त्या कोपऱ्यापाशी वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"दादा, हे गवत हलतंय की हो! बाकीचंही छान आहे, पण हे म्हणजे... सकाळच्या चित्रात असंच आहे बघा. वीस वर्षं वाट बघायला लावलीत, पण हात आला परत!"

दादांच्या छातीत चर्र झालं. पण त्याच्या मागोमाग गोडही वाटलं, आणि ते गोड वाटणं जास्त टिकलं.

"हात कुठे जातोय?" ते म्हणाले. "विसाव्याला गेला होता."

त्या दिवसापासून त्यांनी खरवडणं बंद केलं. रोज ते आपलं रंगवत, आणि रोज संध्याकाळी उलट्या तिरप्या फटकाऱ्यांचं शेत थोडं पुढे सरकलेलं असे. गवत झालं, पायवाट झाली, मग कातळ. दादा पैलवानाला चहा पाजू लागले, शीळ घालू लागले. कसलं भूत आणि कसलं काय! माणसाचा हात म्हातारपणी बदलतो, असं ते स्वतःला सांगत. फुकटचं येतंय तर नाही कशाला म्हणा, असंही मनाच्या एका कोपऱ्यात होतंच.

४

घरात दादांशिवाय एकच माणूस होतं, डावऱ्याची बायको. दादांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात थोरली कोणी आलीच नाही, तरी हिला सगळे धाकटी म्हणत. चौकटीवर कापड ताणायचं, त्याला पांढऱ्या अस्तराचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यावर काचकागदानं घासायचं, हे काम तिचं. तिची बोटं पांढरी आणि चिरलेली असत. वीस वर्षांत दादांनी मारलेला प्रत्येक फटकारा तिच्या अस्तरावर पडला होता.

आणि वीस वर्षं वर्षातून एकदा, डावरा गेला त्या तारखेला, ताट वाढताना ती एकच प्रश्न विचारी.

"दादा, तुम्ही 'सोड' म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. त्यानं ऐकलं नाही."

"कसं ऐकलं नाही? चुलीवर दुधाला साय धरली तरी ऐकू यायची त्यांना."

"वारा होता ग."

 ती आमटी वाढून आत जाई.

वीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी डावरा पुढे होता, दादा मागे. हातात डावऱ्याचं चित्र होतं. तीन आठवडे तो रोज पहाटे, दादांचं सामान लावून झाल्यावर, उरलेल्या वेळात ते रंगवत होता. मागच्याची नजर वाऱ्यावर हवी, पण दादांची नजर चित्रावर होती. हाताच्या अंतरावर ते ओलं गवत हलत होतं. आपण जन्मभर घासलं तरी हे जमणार नाही, हे त्यांना तिथे, त्या उतारावर, लख्ख कळलं. तेवढ्यात वरचं खरं गवत वाकलं.

एक शब्द तर होता. दोन अक्षरांचा. दादांची जीभ उचलली नाही. हात मात्र सुटले.

डावऱ्यानं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. मागून शब्द आला नाही म्हणजे धरायचं, असा नियमच होता. तो खाली पाण्यात सापडला. चित्र मधल्या टप्प्यावर काटेरी झुडपात अडकलं होतं, ओली बाजू वर, जवळजवळ जसंच्या तसं. फक्त एका कडेला डाव्या हाताचा अंगठा रंगात खोल रुतला होता आणि पुढे ओढला गेला होता. दादांनी त्या खळग्यात सुरीनं रंग भरला, वर सारखा केला आणि त्याच्यावरच सही केली.

५

चित्र संपायला दोन दिवस उरले होते. उतरताना दादा पुढे, पैलवान मागे. चित्र त्या दिवशी फार जड लागत होतं. रंग जाड होता, मान्य, पण रंग जाईल तेवढ्या ट्यूबा हलक्या होतात. सगळं मिळून ओझं तेवढंच राहायला हवं. असला हिशेब करत दादा वळणावरून खाली आले आणि सपाटीला लागल्यावर थांबले.

"ठेव खाली. दम घेऊ."

मागची कड हलकेच जमिनीला टेकली. त्याच वेळी वरून धापा टाकत पैलवान पळत येताना दिसला. एका पायात वहाण, एक वहाण हातात.

"अहो दादा! किती हाका मारल्या! बहिरे झालात का?"

"तू... तू मागे होतास ना?"

"वरच्या खडकापाशी वहाणेचा पट्टा तुटला. मी म्हटलं, 'ठेवा, ठेवा.' तुम्ही ठेवलं, मी बसलो पट्टा बांधायला. मान वर करतो तर तुम्ही निघालेले! म्हटलं, एवढं थोरलं धूड एकट्यानं कसं नेताय? आणि तेही सरळ, एकदम ओळंब्यात." त्यानं कपाळ पुसलं. "ताकद आहे बाकी म्हाताऱ्यात."

 दादा चित्राच्या मागच्या कडेपाशी गेले. या वाटेनं उतरताना उजव्या हातानं धरलं तर चार बोटं रंगात लागतात. डाव्या हातानं धरलं तर फक्त अंगठा. पैलवान उजव्या हाताचा आणि शिवाय गोणपाट गुंडाळून धरणारा.

कडेला रंगात एक अंगठा उमटला होता. खोल, नखासकट. खळग्याच्या काठावर रंगाची बारीक शेंडी उभी होती. जाड रंगातून बोट ओढून काढलं की 'पच्' असा ओला आवाज होतो आणि अशी शेंडी राहते. शेंडी अजून वाकतही नव्हती, इतकी ती ताजी होती.

"उद्यापासून मी फक्त ईझल आणि दगड नेतो," पैलवान म्हणाला. तो आता चित्राकडे बघत नव्हता. "पाठ धरलीय माझी."

"पाठीचं काय घेऊन बसलास? दोनच दिवस राहिलेत. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

पैलवानानं हातातली वहाण काखेत मारली. मग म्हणाला, "बघू."

६

शेवटच्या दिवशी दुपारी दादा मागच्या खोलीत गेले तर कुलूप उघडं होतं. दुसरी किल्ली धाकटीकडे असते, हे ते विसरलेच होते. ती चित्रासमोर पाटावर बसली होती आणि तिचं पांढरं, चिरलेलं बोट रंगावरून न टेकवता फिरत होतं. वरून डावीकडून खाली उजवीकडे, पुन्हा वर, पुन्हा खाली. वाचत असल्यासारखं.

"हे कोणी केलं?" तिनं मागे न बघता विचारलं.

"कोणी म्हणजे? मीच."

"हो का?"

"म्हातारपणी हात बदलतो."

"बदलत असेल." तिचं बोट कडेपाशी आलं आणि अंगठ्याच्या खळग्यावर थांबलं. दादा ते बुजवायला विसरले नव्हते. कालच दोनदा बुजवलं होतं. धाकटीनं आपला अंगठा त्या खळग्यावर धरला. तिचा अंगठा लहान होता. खळगा चहूबाजूंनी उरला. ती बराच वेळ तशीच बसून होती, आणि दादांना वाटलं, ही रडतेय. पण ती उठून वळली तेव्हा डोळे कोरडे होते. आगीसमोर फार वेळ बसलं की होतात तसे.

"आज संपणार ना चित्र? मी येते. पेटी उचलायला."

"तू कशाला? वीस वर्षांत कधी वर पाऊल टाकलं नाहीस."

"म्हणूनच."

७

शेवटची संध्याकाळ फार सुंदर पडली. दादांनी उन्हाचा शेवटचा पिवळा पट्टा सुरीनं ओढला आणि मागे सरकून पाहिलं. चित्र पुरं झालं होतं. त्यात त्यांचं स्वतःचं काय उरलं होतं, तर आकाशाची एक पट्टी. पण बाकीचं असं होतं की नजर हलू नये. ऊन कातळावरून घसरत होतं, वाट खाली जात होती, गवत हलत होतं. 'सकाळ'च्या वरताण. आता बोलू दे कोणाला लॉटरीचं.

पैलवानानं ईझल सोडवून खांद्यावर घेतलं, धाकटीनं पेटी उचलली.

"हे वळणापाशी ठेवून येतो परत," पैलवान म्हणाला. "मग दोघं मिळून हे उतरवू. तोवर हात लावू नका."

दोघं गेले. दादांनी चित्र खडकाला टेकवलं, कुंचल्याच्या दांड्यानं ओल्या रंगात सही कोरली, ठसठशीत. मग पुढची कड धरून, चित्राकडे पाठ करून ते उभे राहिले. ऊन उतरत होतं. थोड्या वेळानं मागे गवतात पावलं वाजली.

"आलास? उचल मग."

मागची कड उचलली गेली. सराईतपणे, अगदी ओळंब्यात. दादा निघाले. नजर पायाखाली. वाट एका माणसापुरती, डाव्या हाताला गवताचा चढ, उजव्या हाताला खाण. तळाशी हिरवं पाणी. ओझं आज अजिबात लागत नव्हतं. मागचा आपल्या पावलात पाऊल टाकून चालत होता. ते थांबले की थांबायचा, निघाले की निघायचा. वीस वर्षांत असा मागचा मिळाला नव्हता, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबरोबर त्यांनी नजर पायाखालून उचलली.

वळणापाशी ईझल आडवं ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी पैलवान उभा होता, तोंडावर हात दाबून. आणि पेटी खाली ठेवून धाकटी उभी होती.

दादा थांबले. मागचंही थांबलं.

त्यांनी मान वळवली, जेमतेम, खांद्यावरून. सहा फूट ओला रंग उन्हात चमकत होता. त्याच्या पार टोकाला, कडेवरून पुढे येऊन, एक अंगठा रंगात रुतला होता. डाव्या हाताचा. पाण्यात फार दिवस राहिल्यावर कातडी होते तसा पांढरा, सुरकुतलेला. त्याच्या मागचं कडेआड होतं. दादांनी मान पुन्हा समोर केली, कारण ते कडेच्या बाहेर झुकू लागलं होतं.

हात सोडायला दादांना कोणाची परवानगी नको होती. बोटं उघडायची आणि डावीकडच्या चढावर अंग टाकायचं, इतकंच. पण हातात ते चित्र होतं, आणि त्याच्या खाली त्यांची सही अजून ओली होती. त्यांनी कड अधिक घट्ट धरली.

"धाकटे," ते कसेबसे म्हणाले. "वर बघ ग. वारा... वारा आहे का बघ. असला तर सांग."

धाकटी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या मागे बघत होती, आणि वीस वर्षांत दादांनी तिचा चेहरा इतका मऊ झालेला पाहिला नव्हता. मग तिची नजर सावकाश वर, उतारावरच्या गवताकडे गेली. तिचे ओठ उघडले. शब्द जिभेवर आलेला दादांना स्पष्ट दिसला. दोन अक्षरं तर होती. तिनं पुन्हा मागे पाहिलं, कोणाला तरी विचारल्यासारखं. आणि ओठ मिटून घेतले.

दादांच्या मानेला गार वारा लागला. ते ऐकत होते, सगळं अंग कान करून, मागून येणाऱ्या एका शब्दासाठी. मागे 'पच्' असा ओला, बारीक आवाज झाला, जाड रंगातून अंगठा सुटताना होतो तसा.